रताळ्याचा वेल
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



बियाण्यांच्या दुकानात जाऊन कुणी रताळ्याचं बी मागितलं, तर दुकानदार त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनंच पाहील. भेंडीचं बी पाकिटात मिळतं, मुळ्याचं मिळतं, दुधीचं मिळतं. रताळ्याचं मात्र बी विकत मिळत नाही, कारण रताळं लावतात ते वेलापासून. वेलाचा वीतभर तुकडा कापून ओल्या जमिनीत खोचला की त्याच्या पेरांना मुळ्या फुटतात, त्यांतल्या काही मुळ्या फुगत जातात आणि साडेतीन-चार महिन्यांनी त्या आपल्या उपवासाच्या ताटात येतात. हा वीतभर तुकडा म्हणजेच रताळ्याचं बेणं. कुठे त्याला फाटा म्हणतात, कुठे नुसतंच वेल म्हणतात. हा तुकडा घरच्या घरी कसा तयार करायचा, कसा लावायचा आणि मुख्य म्हणजे कसा जपायचा, याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. रताळं आणि बटाटा आपण एकाच टोपलीतून उचलतो, पण दोघांचं नातं फार लांबचं. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, आणि तो म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. त्याचे भाऊबंद पाहायचे असतील, तर कुंपणावरचा गणेशवेल पाहा, तळ्यातली नाळीची भाजी पाहा, कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत पसरलेला मर्यादवेल पाहा. ओढ्याकाठची ती बेशरमसुद्धा याच गोतावळ्यातली. रताळ्याला फूल येतं तेही याच घराण्याचं, कर्ण्याच्या आकाराचं, फिकट जांभळं. पण त्या फुलातून बी धरलंच, तरी त्या बीपासून उगवणारं रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते. वेलापासून लावलेलं रोप मात्र हुबेहूब आईसारखं. म्हणून जगभर रताळं वेलावरच चालत आलेलं आहे.

आणि हा वेल चाललाही किती! मूळचा तो अमेरिका खंडातला. तिथून स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आशियात पोचला. चीनमध्ये अशी हकिगत सांगतात की, १५९३ मध्ये फुजियान प्रांतातल्या चेन झेनलाँग नावाच्या व्यापाऱ्यानं फिलिपीन्समधून रताळ्याचे वेल जहाजाच्या दोरखंडात गुंडाळून लपवून आणले. पुढच्याच वर्षी त्या प्रांतात दुष्काळ पडला आणि या नव्या पिकानं लोकांना हात दिला. जपानच्या पश्चिम भागात १७३२ मध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आओकी कोन्यो नावाच्या विद्वानाला रताळ्याच्या लागवडीचे प्रयोग करायला सांगण्यात आलं. १७३५ मध्ये त्यानं ते केले, आणि पीक पूर्व जपानात रुजलं. टोकियोत त्याची समाधी आहे. तिच्यावर जे कोरलं आहे त्याचा अर्थ 'रताळेगुरुजी' असा होतो. इतक्या मोठ्या विद्वानाला लोकांनी याच नावानं लक्षात ठेवावं, यातच या पिकाची किंमत कळते.

आपल्याकडे रताळ्याला आपण उपवासाच्या डब्यात बसवून ठेवलं आहे. आषाढी, नवरात्र आणि महाशिवरात्र आली की सातारा, सोलापूर, बेळगाव भागांतून रताळ्यांच्या गाड्या मोठ्या बाजारांत येतात, आणि एकादशी सरली की आपण त्याला विसरतो. पण ज्यांच्याकडे अंगण आहे, गच्ची आहे, किंवा ऊन येणारी मोठी बाल्कनी आहे, त्यांनी हे पीक जरूर लावून पाहावं. त्याचे लाड फारसे करावे लागत नाहीत.

आता बेणं कसं मिळवायचं ते पाहू. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे ज्याच्याकडे वेल आहे त्याच्याकडून तो मागून आणणं. वेलाच्या शेंड्याकडचा भाग घ्यावा, बुडखा घेऊ नये. शेंडा तरणा असतो, लवकर मुळं धरतो, आणि किडीची अंडी बहुधा बुडख्याकडे असतात, तीही टळतात. तुकडा वीतभर ते फूटभर लांबीचा, चार-पाच पेरांचा असावा. खालची पानं काढून टाकावीत, शेंड्याची दोन-चार ठेवावीत. लगेच लावणं जमत नसेल, तर ओल्या गोणपाटात गुंडाळून एक-दोन दिवस सावलीत ठेवले तरी चालतात.

वेल देणारं कुणी नसेल, तर बाजारातल्या रताळ्यापासून सुरुवात करावी. मध्यम आकाराचं, घट्ट, न सुरकुतलेलं, कुठेही भोक नसलेलं रताळं निवडा. त्याचं एक टोक वेलाला जोडलेलं असतं. तिथे देठाची खूण दिसते, आणि कोंब आधी त्या बाजूला फुटतात. दुसरं टोक शेपटीसारखं निमुळतं असतं. पसरट कुंडीत ओली वाळू आणि माती मिसळून भरा, त्यात रताळं आडवं ठेवून अर्धं गाडा, आणि कुंडी उबदार जागी ठेवा. ओल हवी, चिखल नको. दोन ते चार आठवड्यांत जांभळट कोंब दिसू लागतात. काही जण रताळं पाण्याच्या पेल्यात काड्या टोचून टांगतात. मुलांना दाखवायला तो प्रयोग छान, पण माती-वाळूत काम जास्त लवकर होतं.

कोंब वीतभर झाले की मातीच्या वर बोटभर अंतर सोडून कापायचे. मुळासकट उपटायचे नाहीत. वर कापल्यानं जुन्या कंदातली कीड-रोग नव्या रोपाबरोबर येण्याची शक्यता कमी होते, आणि खाली राहिलेल्या खुंटाला पुन्हा कोंब येतात. एका चांगल्या रताळ्यापासून अशी दोन-तीन खेपेला डझनभर बेणी सहज निघतात. कापलेले कोंब काही जण पाण्यात ठेवून मुळं फुटायची वाट पाहतात. एखादा दिवस ठीक आहे, पण पाण्यात लांबच लांब मुळ्यांचं भेंडोळं होऊ देऊ नये. ते तसंच मातीत कोंबलं की पुढे रताळीही वेडीवाकडी होतात. ओल्या मातीत थेट लावलेला कोंब आपली मुळं आपण शोधतो.

वेळेचं गणित असं. मृगाच्या पावसावर लागवड करायची असेल, तर एप्रिलच्या मध्याला रताळं वाळूत घालावं, म्हणजे जूनच्या मध्याला बेणं हाताशी येतं. ही रताळी ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. महाशिवरात्रीला घरची रताळी हवी असतील, तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागवड करावी. पुणे-नाशिककडे थंडीत वाढ मंदावते, तिथे काही दिवस जास्त धरावेत.

जमीन भुसभुशीत हवी. काळ्या, चिकट मातीत मुळाला फुगायला जागा मिळत नाही. अंगणात लावणार असाल तर फूटभर उंचीचे वरंबे करा. दोन वरंब्यांत दोन फूट आणि दोन वेलांत वीतभर अंतर ठेवा. गच्चीवर असाल तर निदान सव्वा-दीड फूट खोल कुंडी किंवा तांदळाची रिकामी गोणी घ्या. तिला खाली भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट किंवा वाळू असं मिश्रण भरा, वर दोन मुठी राख टाका. अशा एका गोणीत दोन किंवा तीनच वेल लावावेत. जागा आहे म्हणून सहा लावले, तर सहाही जणांच्या मुळ्या बोटाएवढ्याच राहतात. गोणी उन्हानं विरते, तेव्हा ती एका हंगामापुरतीच समजावी. ऊन मात्र सहा तासांचं तरी हवं.

वेल उभा खोचण्यापेक्षा थोडा तिरपा किंवा आडवा ठेवून दोन-तीन पेरं मातीखाली जातील असा लावावा, शेंडा वर ठेवावा. मातीखाली गेलेलं पेर हीच रताळं धरण्याची जागा. लावणी संध्याकाळी करावी आणि हातानं माती घट्ट दाबावी. पहिले चार-पाच दिवस वेल मान टाकतो, पानं लोंबतात. घाबरू नये. ओल असेल तर आठवड्याभरात तो पुन्हा डोकं वर काढतो.

यानंतरचा महिना-दीड महिना सगळ्यांत महत्त्वाचा. कुठल्या मुळ्या फुगणार आणि कुठल्या नुसत्याच दोरीसारख्या राहणार, हे बहुतांशी याच काळात ठरतं. या दिवसांत माती कोरडीठाक पडली किंवा तिच्यात पाणी साचून राहिलं, तर मुळ्या लाकडासारख्या होतात, मग पुढे कितीही खतपाणी करा. म्हणून या काळात ओल सारखी ठेवावी, निचरा राखावा. पुढे दिवसाआड, दोन दिवसांआड पाणी पुरतं, आणि काढणीच्या आधी दोन आठवडे ते तोडत आणावं.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झालं, म्हणजे युरिया किंवा ताजं शेण भरपूर पडलं, की वेल गच्चीभर पसरतो, हिरवागार दिसतो, शेजारी कौतुक करतात, आणि खणलं की खाली काही नाही. रताळ्याला पालाश हवं असतं, आणि चुलीतली लाकडाची राख हा त्याचा घरगुती पुरवठा. दुसरी गोष्ट म्हणजे वेल पसरताना जिथे जिथे जमिनीला टेकतो, तिथे तिथे मुळं सोडतो. तसं होऊ दिलं तर ताकद वाटली जाते. म्हणून पंधरा-वीस दिवसांनी वेल हलक्या हातानं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवावा. तोडायचा नाही, फक्त उचलायचा.

या वेलाचे कोवळे शेंडे आणि पानं खाता येतात, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. फिलिपीन्समध्ये ती रोजची भाजी आहे. लसणाची फोडणी देऊन, मूगडाळ घालून पालेभाजीसारखी करावी. मात्र एकाच वेलाची पानं ओरबाडू नयेत. पानांनी साठवलेलंच खाली रताळ्यात उतरत असतं.

आता या पिकाचा खरा वैरी. तो म्हणजे रताळ्यावरचा सोंड्या भुंगा. दिसायला मुंगीसारखा, निळसर काळा, मान तांबडी. तो वेलाच्या बुडख्यात आणि रताळ्यात अंडी घालतो, अळ्या आत बोगदे करतात, आणि रताळं कडू होतं. असं रताळं भाग कापून टाकूनही चवीला उतरत नाही. या भुंग्याला जमिनीत खोल उकरता येत नाही, तो मातीच्या भेगांतून खाली जातो. त्यामुळे औषधापेक्षा इलाज सोपा आहे. भेग पडू द्यायची नाही, बुडख्याला माती लावत राहायचं, वेळेवर काढणी करायची आणि पुढच्या हंगामात त्याच मातीत पुन्हा रताळी लावायची नाहीत. मोठ्या लागवडीत कामगंध सापळे लावतात. आणि एक धोक्याची सूचना. किडकी, बुरशी आलेली रताळी गुरांना घालू नका. त्यांत तयार होणाऱ्या विषानं जनावराच्या फुप्फुसांना अपाय होतो, जनावर दगावूसुद्धा शकतं.

काढणी साधारण साडेतीन ते चार महिन्यांनी. पानं पिवळी पडू लागतात ती एक खूण. दुसरी खात्रीची खूण अशी की, कडेचं एक रताळं काढून कापावं आणि थोडा वेळ ठेवावं. कापलेला भाग काळपट-हिरवा पडला तर रताळं अजून कच्चं, पांढरा चीक तसाच स्वच्छ वाळला तर तयार. खणताना कुदळ लांबून घालावी, कारण साल फार नाजूक असते. काढलेली रताळी धुवायची नाहीत. माती झटकून उबदार, सावलीच्या, थोड्या दमट जागी आठवडाभर पसरून ठेवायची. तेवढ्यात जखमा भरून येतात आणि पिठाची साखर होऊ लागते. ताज्या खणलेल्या रताळ्यापेक्षा आठ-पंधरा दिवस मुरलेलं रताळं म्हणूनच गोड लागतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीनं त्याचा गाभा कडक होतो आणि मग तो शिजता शिजत नाही.

गोडीचं आणखी एक रहस्य. रताळ्यात पिष्टाची साखर करणारं विकर असतं, आणि ते मंद आचेवर चांगलं काम करतं. म्हणून चुलीच्या निखाऱ्यात सावकाश भाजलेलं रताळं घाईनं उकडलेल्यापेक्षा गोड लागतं. याच कारणानं मधुमेह असलेल्यांनी भाजलेल्यापेक्षा उकडलेलं घ्यावं, तेही बेतानं आणि आपल्या डॉक्टरांना विचारून.

श्रोतेहो, इथवर लावणी-काढणीचं झालं. आता ज्यासाठी मी मुद्दाम हा विषय घेतला, ते सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी आईची एक मामी होती. सगळी वाडी तिला मामीच म्हणायची. विहिरीवर धुणं धुतलं की ते पाणी पाटानं केळींना जायचं, आणि त्या पाटाच्या कडेला दोन हात जागेत तिचे रताळ्याचे वेल वैशाखातसुद्धा हिरवे असायचे. लाल सालीचं, आत पांढरं, उकडलं की पिठूळ होणारं रताळं. मृगाचे ढग दिसले की बायका रोवळ्या घेऊन यायच्या आणि मामी प्रत्येकीला वेलांची जुडी बांधून द्यायची. बेण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा तिचा दंडक होता. एकदा मी तिला विचारलं, "मामी, सगळ्यांना देतेस, मग तुला काय उरतं?" ती म्हणाली, "अरे, माझा मेला तर त्यांच्याकडून आणीन की."

मामी गेली. मुलं मुंबईला, घर बंद. विहिरीवर कुणी धुणं धुवेना, पाट आटला आणि एका उन्हाळ्यात तो वेलही गेला. काही वर्षांनी मी तिथे गेलो, तेव्हा पाटाच्या जागी नुसतं रान माजलेलं होतं. तसली रताळी बाजारात कुठे दिसत नव्हती. शेवटी पलीकडच्या वाडीत विचारत विचारत गेलो, तर एका घराच्या मागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर तोच वेल होता. त्या घरातल्या आजींनी चाळीसेक वर्षांपूर्वी मामीकडून नेलेली जुडी. मामीचं स्वतःचं बेणं संपलं, पण तिनं दिलेलं टिकलं. आज तो वेल माझ्या गच्चीवर आहे, आणि मी तो आणखी पाच घरांत दिला आहे.

यात भावनेपलीकडचंही काही आहे. धान्याचं बी डब्यात भरून ठेवता येतं, वर्ष-दोन वर्षं टिकतं. वेलाचं बेणं जिवंतच ठेवावं लागतं. एक कडक उन्हाळा, एक बंद पडलेलं घर, आणि एक वाण कायमचा जातो. संशोधन संस्था हे काम करतात. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संस्था आहे. तिथे 'भू सोना' हा नारिंगी गराचा आणि 'भू कृष्णा' हा जांभळ्या गराचा वाण तयार झाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण अश्विनी' आहे. नारिंगी गराच्या रताळ्यात 'अ' जीवनसत्त्वाचं मूळद्रव्य भरपूर असतं. आफ्रिकेत मुलांची दृष्टी आणि प्रकृती जपण्यासाठी अशा रताळ्यांचा प्रसार केला गेला. त्या कामासाठी मारिया आन्द्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या तिघांना, हॉवर्थ बुई यांच्याबरोबर, २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथेही शेवटचं काम होतं ते वेल घरोघर पोचवण्याचंच. नवे वाण जरूर लावावेत. पण आपल्या गावचा जुना वाण संस्थेच्या यादीत असेलच असं नाही. तो कुणाच्या तरी न्हाणीमागेच असतो.

उन्हाळ्यात वेल जगवायला फार काही लागत नाही. काढणीच्या वेळी चार-पाच शेंडे कुंडीत लावून ठेवा, दुपारची सावली द्या, भांडी विसळलेलं पाणी घाला. तेही जमत नसेल, तर आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी सुचवलेली एक युक्ती आहे. काही लहान, निरोगी रताळी घमेल्यात कोरड्या वाळूचे थर देऊन थंड जागी ठेवायची. अधूनमधून पाहून किडलेलं काढून टाकायचं. पावसाच्या दीड-दोन महिने आधी ती मातीत लावून पाणी घालायला लागायचं, की वेळेवर बेणं तयार.

आणि तयार झालं की एक जुडी शेजारी द्या. घेणाऱ्यानं ते लावलं, तर तुमच्या बेण्याची राखण करणारं आणखी एक घर वाढलं. येत्या एकादशीला रताळी आणाल, तेव्हा त्यांतलं एक चांगलं, घट्ट रताळं बाजूला काढून ठेवा. आणि गावाकडे कुणी वडीलधारं असेल तर त्यांना विचारा की, आपल्याकडे पूर्वी कुठली रताळी असायची, आणि तो वेल आता कुणाकडे आहे? हे विचारायला उशीर करू नका, एवढीच विनंती.